एका विहिरीचं एकच प्रकरण

त्या दिवशीची आमटी मी बिघडवली, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल.

आम्ही तेव्हा वेल्ह्यात दोन खोल्या घेऊन राहत होतो. लग्नाला तीन वर्षं झाली होती. चहापलीकडे मला स्वयंपाकातलं काही येत नाही, हे बायकोला माहीत होतं, मला नव्हतं. एप्रिल लागला होता. ती स्टोव्हवर आमटी ठेवून आडावर पाण्याला गेली आणि जाता जाता म्हणाली, "अहो, जरा लक्ष ठेवा." तिच्या बोलण्याचा अर्थ एवढाच की उतू जाऊ देऊ नका. पण मी पडलो कचेरीतला माणूस. एखाद्या गोष्टीवर लक्ष ठेवायचं म्हणजे तिच्यावर आपला काहीतरी शेरा मारायचा, ही सवय. मी पळीनं आमटी चाखली, अळणी लागली, बरणीतून मीठ काढून घातलं आणि कर्तव्य बजावल्यासारखा ओट्यावर जाऊन बसलो. ती आली, तिनं तिच्या हिशेबानं मीठ घातलं.

पहिल्या घासाला आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"तुम्ही मीठ घातलं?"

"तू पण घातलंस?"

मग त्या आमटीत पाणी ओतावं लागलं, आणि ते पाणी आडावरून तासभर रांगेत उभं राहून आणलेलं. अर्धी कळशी गेली. आमटी दोन दिवस पुरली. तिसऱ्या दिवशी बायकोनं नियम केला. "आजपासून मीठ जो घालील त्यानं पळी झाकणावर पालथी ठेवायची. पळी दिसली की दुसऱ्यानं बरणीला हात लावायचा नाही. आणि हे बघा..." ती पुढंही काही म्हणाली. पण तोवर मी "छान, छान" म्हणत हात धुवायला उठलो होतो.

ही रीत घरात उत्तम चालली. आमटी पुन्हा खारट झाली नाही, अळणीही झाली नाही. ती का चालली याचा विचार मी केला नाही. चालणाऱ्या गोष्टीचा विचार करायची आमच्या खात्यात पद्धत नव्हती.

खात्याचं नाव सांगत नाही, कारण पगार अजून तेच खातं देतं. एवढं सांगतो की मी तिथं आवक-जावकीच्या टेबलाला क्लार्क होतो. येईल तो कागद घ्यायचा, त्यावर नंबर टाकायचा, आणि नंबर पडला की त्याचं प्रकरण व्हायचं.

साल दुष्काळाचं होतं. वेल्ह्याला दुष्काळ म्हटलं की पुण्याकडची मंडळी हसतात. पावसाळ्यात इथं आठ-आठ दिवस तोरणा दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, काडी पेटत नाही. पण ते सगळं पाणी उतारावरून धरणाकडं पळतं आणि मार्च सरता सरता वाड्यावस्त्यांच्या विहिरींचा तळ दिसायला लागतो. तळाला काळा पाषाण. त्या पाषाणाला भोकं पाडून सुरुंग लावणारं एक यंत्र त्या उन्हाळ्यात आमच्याकडं आलं होतं. ट्रकला मागं जोडलेला कॉम्प्रेसर आणि त्याच्याबरोबर चार माणसं. सगळ्या डोंगरपट्ट्याला यंत्र एकच, आणि मृग लागायच्या आत ते दुसरीकडं जायचं होतं. कुठल्या विहिरीवर कधी जायचं याची यादी आमच्या कचेरीतून निघे. गावानं अर्ज करायचा, आम्ही त्याचं प्रकरण करायचं, आमचा माणूस जाऊन विहीर पाहणार, मग प्रकरण भोरच्या वरच्या कचेरीत मंजुरीला जाणार, आणि मंजुरी आली की यादीत नाव.

आता, एकच अर्ज करून गप्प बसणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. एक अर्ज आमच्याकडं यायचा, एक सरळ भोरला जायचा, एक पुण्याला, आणि दौऱ्यावर कुणी मोठा माणूस आला तर एक त्याच्या हातात. हे बहुतेक सगळे फिरून फिरून शेवटी माझ्याच टेबलावर यायचे, निरनिराळ्या तारखांना, निरनिराळ्या पाकिटांतून. मी प्रत्येकाला नंबर द्यायचो. एकाच विहिरीची दोन-दोन, तीन-तीन प्रकरणं आपापल्या वाटेनं चालू लागायची.

व्हायचं ते झालं. कॉम्प्रेसर एकाच गावाला दोनदा गेला. पहिल्या खेपेला गावानं विहिरीला नारळ फोडला, सुरुंग झाले, पाणी लागलं. पंधरा दिवसांनी पुन्हा यंत्र हजर! गावकऱ्यांनी त्या चार माणसांना पिठलं-भाकरी खाऊ घातली, पाण्यानं भरलेली विहीर दाखवली आणि परत पाठवलं. यंत्राचे दोन दिवस फुकट गेले.

साहेबांनी मला आत बोलावलं. टेबलावर दोन फायली शेजारी शेजारी मांडल्या होत्या.

"हे काय आहे?"

"विहिरीचं प्रकरण, साहेब."

"कुठलं?"

"दोन्ही, साहेब."

"एका विहिरीची दोन प्रकरणं?"

"तीन आहेत. तिसरं भोरला गेलंय."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. ते रागावले की चष्मा पुसायचे, त्यामुळं त्यांचा चष्मा नेहमी स्वच्छ असायचा. म्हणाले, "एका विहिरीचं एकच प्रकरण चाललं पाहिजे. कसं, ते तुम्ही बघा. सोमवारपर्यंत."

शनिवारी दुपारी जेवायला बसलो तर समोर झाकणावर पालथी पळी. मी घास हातात धरून तिच्याकडं बघत राहिलो. बायकोनं विचारलं, "केस आलाय का?" मी म्हटलं, "नाही, उत्तर आलंय."

रविवार मी रॉकेलच्या रिकाम्या डब्यात घालवला. पत्र्याचे गोल बिल्ले कापले, त्यात तीन बोटं कापून घेतली, आणि दर बिल्ल्यावर तैलरंगानं एकेका विहिरीचं नाव घातलं. एका फळीवर ओळीनं खिळे ठोकले. एका विहिरीला एक खिळा, एका खिळ्यावर एक बिल्ला. ही फळी माझ्या टेबलामागच्या भिंतीवर लागली. नियम असा की अर्ज आला की आधी खिळा बघायचा. बिल्ला असला तर तो काढून नव्या फाईलच्या नाडीला बांधायचा आणि प्रकरण सुरू. खिळा रिकामा दिसला तर समजायचं, या विहिरीचं प्रकरण आधीच कुठंतरी चालू आहे. मग नव्या अर्जावर शेरा मारायचा, 'याच विषयाचे प्रकरण चालू असल्याने निकाली', आणि तो कागद बंद गठ्ठ्यात टाकायचा.

साहेब खूश झाले. भोरहून पाहणीला आलेल्या त्यांच्या वरच्या साहेबांना त्यांनी फळी मुद्दाम दाखवली. "युक्ती कुणाची?" वरच्या साहेबांनी विचारलं. मी म्हणालो, "माझीच." ही गोष्ट बायकोला अजून सांगितलेली नाही. हे छापून आलं तर कळेल.

तो शेरा इतक्यांदा लिहावा लागायचा की मी त्याचा रबरी शिक्काच करून घेतला. शिक्का हातात आला की माणूस बदलतो, निदान मी तरी बदललो. टपाल आलं की नाव वाचायचं, मान वळवून खिळा बघायचा, ठप्प! पुढचा कागद. पूर्वी दिवसभर पुरणारं टपाल आता चहाच्या आत संपायला लागलं.

याच दिवसांत ती बाई पहिल्यांदा आली.

तोरण्याच्या अंगाला, वेल्ह्यापासून अडीच-तीन तासांच्या चालीवर एक बौद्ध वस्ती होती, पंचवीसेक उंबऱ्यांची. गावच्या विहिरीवरून पूर्वी काय काय झालं ते त्या भागात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून वस्तीनं स्वतःच्या अंगमेहनतीनं स्वतःची विहीर खणली होती. अठरा हात खाली गेल्यावर पाषाण लागला, पहारी वाकल्या आणि काम थांबलं. फेब्रुवारीपर्यंत तिला पाणी असायचं. पुढं वरच्या ओढ्यातल्या एका झऱ्यावर भागवायचं. बाई पन्नाशीची होती, काटक, कासोटा घट्ट मारलेला, हातात कापडी पिशवी, पिशवीत शाळेतल्या गुरुजींकडून लिहून आणलेला अर्ज.

मी नाव वाचलं, मागं वळून खिळा पाहिला. रिकामा. मी तिला फळी दाखवली, अगदी घरातलं नवं कपाट दाखवावं तशी.

"हे बघा मावशी, तुमच्या विहिरीचा खिळा रिकामा आहे. म्हणजे बिल्ला फाईलला बांधलाय. म्हणजे तुमचं काम चालू आहे. आता हा अर्ज नको."

"चालू हाय म्हंता?"

"चालू आहे."

"मंग बरं," ती म्हणाली आणि तिच्या देखत मी अर्जावर ठप्प केलं. तिला तो शिक्का मंजुरीचा वाटला असावा. ती हात जोडून गेली.

दहाएक दिवसांनी ती पुन्हा आली. अर्ज नव्हता. दारातूनच फळीकडं बघितलं.

"चालूच हाय का, भाऊसाहेब?"

"चालूच आहे. खिळा बघा की."

"न्हाई, खिळा दिसतोय मला. मी म्हन्ते, चालता चालता बसलं न्हाई ना कुठं?"

मी हसलो. साहेबांनासुद्धा आत ऐकू गेलं असेल इतका हसलो. ती हसली नाही. पदरानं तोंड पुसलं, माठातलं पाणी मागितलं, उभ्यानं प्याली आणि निघाली. त्या दिवशी ऊन असं होतं की आमचा शिपाई दुपारी पोस्टात जायलासुद्धा तयार होत नव्हता.

मे अर्धा झाला. कॉम्प्रेसरची माणसं म्हणायला लागली की अजून आठ दिवस, मग आम्ही चाललो. मी शेवटची यादी उतरवत होतो. त्या यादीत तिच्या वस्तीचं नाव नव्हतं आणि ते नाही हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. यादीत असलेली नावं उतरवायचं काम माझं. नसलेली कोण बघणार?

तेव्हा ती तिसऱ्यांदा आली. या वेळी टेबलाला टेकून उभी राहिली आणि आणखी एक अर्ज माझ्यासमोर ठेवला.

"मावशी, किती अर्ज करता? गुरुजींना दुसरं काम नाही का?"

"ह्यो चौथा. येक हितं धाडला टपालानं, येक भोरला, येक मागं मी आनून दिला, त्यावर तुमी शिक्का हानला. भोपळ्याच्या आळ्यात आमी तीन बिया टाकतो, भाऊसाहेब. तिन्ही उगवल्या तर दोन उपटायच्या न् येक ठेवायची. तुमी कुटली ठेवलीया, तेवढं दावा."

"ही काय," मी खिळ्याकडं बोट केलं. "तुमचा बिल्ला—"

"बिल्ला न्हाई त्यो मला दिसतोय. फाईल दावा."

"ती मंजुरीला भोरला गेलीय."

"कवा?"

मी रजिस्टर उघडलं. तारीख एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातली. इतर प्रकरणं भोरहून आठ-दहा दिवसांत परत येत होती. मी पान उलटलं, पुन्हा मागं आलो. तारीख तीच होती.

ती म्हणाली, "आमच्या झऱ्यावर पानी वाटी-वाटीनं भरावं लागतं. दोघी वाकल्या तर गढूळ व्हतं. म्हनून येकच करवंटी ठिवलीया. जिच्या हातात करवंटी ती भरनार, बाकीच्या बसनार. तिचं झालं की करवंटी दगडावर."

"बरोबर. आमचंही तसंच आहे, मावशी."

"न्हाई तसंच. येकदा एक पोरगी करवंटी घेऊन तशीच घरला गेली. इसरली. बाया बसल्या दगडावर, झरा वाहतोय न् कुनी भरंना. मी गेल्ये तिच्या घरी. म्हनलं, बाय गं, तुझं भरून झालं का? ती चुलीपुढं भाकऱ्या थापत व्हती." मग सरळ माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमी गेला का भोरला, इचारायला?"

मी तिचा अर्ज हातात घेतला. सवयीनं दुसरा हात शिक्क्याकडं गेला होता, तो मागं घेतला.

"हा माझ्याकडं असू द्या," मी म्हटलं. "उद्या सकाळी मी भोरला जातो."

"आठ दिसांत मशीन जातंय म्हनं."

"हो."

"मंग आज का न्हाई?"

दुपारची गाडी अजून लागायची होती. मी साहेबांकडं अर्ध्या दिवसाची रजा मागितली. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, "घरगुती." कचेरीची चूक निस्तरायला स्वतःची रजा टाकणारा क्लार्क त्यांनी पाहिला नसेल, पण खरं कारण सांगायचं धैर्य नव्हतं.

एस.टी.नं नसरापूर, तिथं गाडी बदलून भोर. नसरापूरच्या फाट्यावर पाऊण तास गाडी नव्हती. तेवढ्यात मी मनातल्या मनात भोरच्या क्लार्कला बरंच सुनावलं. प्रत्यक्षात तो माझ्यापेक्षा वयानं मोठा, तोंडात पान, आणि टेबल माझ्या टेबलापेक्षा नीटनेटकं. त्यानं शांतपणे रजिस्टर काढलं.

"हां. या वस्तीचा एक अर्ज सरळ आमच्याकडं आला होता. त्याचं आम्ही प्रकरण केलं. मग मी म्हटलं, वेल्ह्याला विचारावं, त्यांच्याकडं तर काही चालू नाही ना. हे तुमचं उत्तर."

उत्तर माझ्याच अक्षरात होतं. 'सदर विषयाचे प्रकरण या कचेरीत चालू आहे.' खाली माझी सही, शेपूट काढलेली.

"म्हणून मी आमचं बंद केलं," तो म्हणाला. "एका विहिरीचं एकच चालावं, असं तुमच्याकडूनच पत्रक आलं होतं ना? चांगली पद्धत आहे."

"आणि आमचं प्रकरण आलं ते?"

"ते नंतर आलं. रजिस्टरात बघतो तर विषय निकाली. निकाली निघालेला विषय परत कशाला चालवायचा? तेही बंद केलं."

"अहो, पण तुमचं निकाली निघालं ते आमचं चालू होतं म्हणून!"

"बरोबर. आणि तुमचं निकाली निघालं ते आमचं निकाली निघालं होतं म्हणून. चुकलं कुठं?"

खरंच, एकेक कागद धरून पाहिला तर चूक कुठंच नव्हती. दोन्ही प्रकरणं एकमेकांना वाट देत देत बाजूला झाली होती आणि वाटेवर कुणीच उरलं नव्हतं.

"पण बंद केलं म्हणून आम्हाला कळवायचं तरी!"

"कळवलंय की," त्यानं जावक रजिस्टर फिरवून माझ्यापुढं केलं. तारखेसकट नोंद.

आणि तिथं, त्याच्या टेबलापुढच्या बाकावर बसल्या बसल्या, मला आठवलं. ते पत्र आलं होतं. मी त्यावर वस्तीचं नाव वाचलं होतं, मान वळवून खिळा पाहिला होता, खिळा रिकामा होता, आणि मी शिक्का मारला होता, 'याच विषयाचे प्रकरण चालू असल्याने निकाली'. प्रकरण बंद झाल्याचं पत्र मी प्रकरण चालू आहे म्हणून बंद केलं होतं. पुढं ते पत्र माझ्या गठ्ठ्यात सापडलं. शिक्का अगदी ठसठशीत उमटला होता.

मी हे त्याला सांगितलं. सांगणं भाग होतं. तो इतका हसला की पान थुंकायला बाहेर जाऊन आला. मग आम्ही दोघं दप्तरखान्यात गेलो आणि लाल रुमालात बांधलेला गठ्ठा सोडला. फाईल वरच होती. नाडीला माझा बिल्ला लटकत होता, रंगसुद्धा उडाला नव्हता.

"हे काय असतं हो?" त्यानं विचारलं. "मला वाटलं, वेल्ह्याकडं फायली सजवायची टूम निघालीय."

बंद झालेलं प्रकरण उघडायचं तर पुण्याची परवानगी लागत होती, आणि तिला महिना. नवीन प्रकरण उघडायला काही लागत नव्हतं, फक्त बिल्ला मोकळा हवा होता. मी बिल्ला सोडला. पाहणीचा अहवाल जुन्या फाईलमध्ये होता, त्याची तिथंच बसून नक्कल केली. पिशवीतून बाईचा चौथा अर्ज काढला, वर नक्कल लावली, बिल्ला बांधला. भोरच्या क्लार्कनं ते पुढ्यात घेतलं, वाचलं, आणि म्हणाला, "चहा तुमच्याकडं." मग स्वतः उठून फाईल आपल्या साहेबांकडं घेऊन गेला. हे त्याचं काम नव्हतं, शिपायाचं होतं. शिपायानं नेली असती तर चार दिवस गेले असते, हे आम्हा दोघांना माहीत होतं. कचेरी सुटायच्या आत सही झाली.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सगळं सांगितलं, शिक्क्यासकट. त्यांनी चष्मा पुसायला घेतला, पुसलाही, पण डोळ्यांवर लावल्यावर एवढंच म्हणाले, "शिक्का माझ्याकडं द्या." तो त्यांच्या खणात गेला आणि मी पुन्हा पूर्ण वाक्य हातानं लिहू लागलो. हातानं लिहायला लागलं की माणूस कागद वाचतो, असं त्यांचं म्हणणं होतं. तेव्हा मला ते शिक्षा वाटलं.

यादीत वस्तीचं नाव शेवटून दुसरं लागलं. कॉम्प्रेसर वस्तीपर्यंत जाईल असा रस्ता नव्हता. ट्रक खालीच थांबला आणि नळ्या, सामान, सगळं वस्तीतल्या माणसांनी खांद्यावर वाहून यंत्र दोरांनी वर ओढलं. त्या दिवशी मीही गेलो होतो. कचेरीचं तिथं काही काम नव्हतं. साहेबांना पुन्हा 'घरगुती' असं सांगितलं होतं. या वेळी त्यांनी कारण विचारलं नव्हतं, तरी सांगितलं.

बाईनं मला दारातल्या दगडावर बसवलं आणि तांब्याभर पाणी दिलं. करवंटी-करवंटीनं भरलेलं पाणी ते. त्याला किती वेळ लागला असेल ते मला आता ठाऊक होतं. मी अर्धा तांब्या पिऊन खाली ठेवला.

"समदं प्या. तुमच्यासाठीच भरलंय," ती म्हणाली. मी प्यालो.

दोन दिवस भोकं पाडली, तिसऱ्या दिवशी सुरुंग लागले. तो आवाज मला वेल्ह्यात टेबलावर ऐकू आला, की आला असं वाटलं, सांगता येत नाही. पुढच्या बाजाराला बाई कचेरीच्या दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही. तिनं आपल्या गुडघ्यावर हात ठेवून दाखवला, म्हणजे पाणी तिथवर आलंय. मग फळीकडं बघितलं.

"आता चालू झालं म्हना," ती म्हणाली आणि बाजारात निघून गेली.

मी वळून पाहिलं. खिळा अजून रिकामाच होता. काम होऊन फाईल माझ्याच टेबलावर पडली होती, बिल्ला तिच्या नाडीला. मी तो सोडून खिळ्यावर अडकवला. मग फळीखाली एक चिठ्ठी चिकटवली, 'प्रकरण संपताच बिल्ला जागेवर ठेवावा', आणि तिच्याखाली दुसरी, 'दर शनिवारी रिकाम्या खिळ्यांच्या फायली डोळ्यांनी पाहाव्या'. सूचना सगळ्यांना उद्देशून होत्या. त्या टेबलाला मी एकटाच होतो.

संध्याकाळी घरी गेलो तेव्हा बायको तांदूळ निवडत होती. मी पायऱ्यांवर बसलो आणि तिला झालेलं सगळं सांगितलं, शिक्क्याचं, भोरच्या पानवाल्या क्लार्कचं, करवंटीचं. ती हातातलं सूप थांबवून ऐकत होती. बाई तीनदा उन्हातून चालत आली हे सांगितलं तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं. शेवटी मी म्हणालो, "पण आता पक्कं केलंय. नवा नियमच काढला मी. प्रकरण संपलं की बिल्ला परत खिळ्यावर. तो तिथं गेला नाही तर पुढच्याला वाटत राहतं की काम चालूच आहे."

"नवा?" ती म्हणाली.

"मग काय."

तिनं सुपातला एक खडा वेचून अंगणात टाकला. "पळी झाकणावर ठेवायची म्हणून सांगितलं, तेव्हा पुढं काय म्हणाले होते मी? जेवणं झाली की उचलून परत खिळ्याला अडकवायची. तुम्ही तोवर मोरीत हात धुवायला पोचला होता. इतके दिवस रोज रात्री ती आपोआप खिळ्यावर जाते, असं वाटलं होय तुम्हाला?"